आज कोणता वार?

पहिल्या शुक्रवारी धर्मग्रामातील आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन देण्याचा आमचा परिपाठ आहे. गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्या शुक्रवारी पाऊस मुसळधार होता, वसईतील वाड्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या होत्या, आणि आम्हाला १४ घरे उरकायची होती. 'उरकायची' हा शब्द लिहिताना संकोच वाटतो. पण त्या दिवसाचा खरा शब्द तोच आहे.

नवव्या घरी ८२ वर्षांचे एक काका खाटेवर पडून होते. उभा जन्म पानवेली आणि केळी यांच्या बागायतीत गेलेला. बुद्धी इतकी तल्लख, की कोणत्या साली कोणाच्या विहिरीचे पाणी खारट झाले ते तोंडपाठ. त्या दिवशी त्यांनी आम्हाला आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या नावाने हाक मारली आणि ईस्टर झाला का, असे विचारले. सूनबाई म्हणाल्या, "दोन दिवस जेवत नाहीत, फादर. ताप मात्र नाही." आम्ही हसून म्हणालो, "वय झाले आता. पडून राहू द्या." आशीर्वाद दिला आणि छत्री उघडली.

रविवारी शेवटच्या मिस्सानंतर इस्पितळातून मुलाचा फोन आला, "फादर, शेवटचे तेल घेऊन या." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणाऱ्याचा नसून आजाऱ्याचा आहे, असे स्पष्ट केले, आम्हीही वेदीवरून ते कितीदा सांगितले आहे. तरी घराघरांत ते तेल 'शेवटचे'च राहिले. आणि खरे सांगायचे तर मोटारसायकलला किक मारताना आमच्याही मनात अंत्यविधीच्या मिस्साची वेळ येऊन गेली.

न्युमोनिया झाला होता. डॉक्टरांनी शांतपणे समजावले. म्हाताऱ्या माणसाच्या न्युमोनियात ताप-खोकला असतोच असे नाही; पुष्कळदा बोलण्यातला घोळ आणि जेवण सुटणे हीच पहिली लक्षणे. मनाचा गोंधळ, श्वासाची गती, रक्तदाब, रक्तातील युरिया आणि ६५ किंवा त्यापुढचे वय, या पाच गोष्टी तोलून आजार किती गंभीर ते ठरवतात. काकांचा श्वास मिनिटाला ३२ होता. निरोगी माणसाचा १२ ते २० असतो. पाचांतली पहिली खूण शुक्रवारी आमच्यापुढे खाटेवर निजली होती, आणि आम्ही तिला आशीर्वाद देऊन निघालो होतो. मुलाला आम्ही हे सांगितले. तो खाली पाहून म्हणाला, "फादर, आम्हीही 'वय झाले' असेच म्हणालो."

रुग्णाभ्यंग दिला. बाहेर एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "म्हाताऱ्यांना सुखाने नेणारा आजार आहे हा." समज जुना आहे. विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८९२ च्या आपल्या ग्रंथात न्युमोनियाला वार्धक्याचा शत्रू म्हटले आणि १८९८ च्या आवृत्तीत वृद्धांचा मित्र. १९१९ साली तो स्वतः याच दुखण्यातून उठला नाही. पण तेव्हा पेनिसिलिन नव्हते. ते वाक्य ऐकून आम्हाला राग आला. तो कोणावर, हे वाचकांनी ओळखावे.

शिरेतून औषध आणि नाकावाटे प्राणवायू सुरू झाला. मंगळवारी काकांनी आम्हाला आमच्या नावाने ओळखले. आनंदाच्या भरात आम्ही पुन्हा तेच बोललो, "काका, आता स्वस्थ पडून राहा."

"फादर, तसे सांगू नका," सिस्टर म्हणाल्या. (सिस्टर म्हणजे येथे परिचारिका, धर्मभगिनी नव्हेत.) आडवे पडून राहिले की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ साचतो. म्हणून खाटेची डोक्याची बाजू उंच, दिवसातून काही वेळ खुर्चीत, आधाराने चार पावले. चहासुद्धा बसूनच प्यायचा, नाहीतर घोट श्वासनलिकेत उतरतो. दात आणि कवळी रोज स्वच्छ, कारण तोंडातले जंतूच खाली जातात. मग त्यांनी तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र काकांच्या हाती दिले. काकांनी जोराने फुंकले. चेंडू हलेनात.

"फुंकायचे नाही काका, आत ओढायचे."

"म्हणजे विडीसारखे?"

"विडीसारखेच. पण आता विडीशिवाय."

दोन चेंडू वर गेले. काका लहान मुलासारखे आमच्याकडे पाहू लागले.

सिस्टरांनी 'समजले का?' असे एकदाही विचारले नाही. त्या म्हणत, "आता घरी सूनबाईंना कसे सांगाल, ते मला सांगा." काका चुकले की त्या पुन्हा पहिल्यापासून. आमच्या प्रवचनानंतर कोणी असे विचारू लागले, तर भाविकांची आणि आमची एकदमच परीक्षा होईल!

आठव्या दिवशी काका घरी आले. बरे वाटले तरी उरलेल्या गोळ्या संपवायच्या, विडीची सवय होती म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, न्युमोकॉकसची लस आणि दरवर्षी फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्यायची, हे सारे त्यांनीच मुलाला ऐकवले. सूनबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला शिकल्या.

आता आमच्या वहीतल्या प्रत्येक घरी आम्ही कम्युनियनपूर्वी थोडे बसतो, जेवणाचे विचारतो, छातीच्या हालचालीकडे पाहतो आणि सहज म्हणून विचारतो, "आज कोणता वार?" सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी काकांनाही विचारले. ते पडवीत खुर्चीवर बसले होते, यंत्र मांडीवर.

"शुक्रवार," ते म्हणाले. मग आमच्याकडे रोखून पाहत पुढे म्हणाले, "दुसरा कोणता वार असता, तर तुम्ही आला असता का, फादर?"