आवाजाला भाव

आवाजाला आमच्या वऱ्हाडात कधी भाव आला नाही. कापसाला येतो (निदान यावा अशी अपेक्षा असते), सरकीला येतो, ढेपेलाही येतो. त्यामुळे पुण्याचा भाचा डिसेंबरात तिवशाला येऊन ‘मामा, मला जिनिंगचे आवाज भरून न्यायचेत,’ म्हणाला, तेव्हा आमच्या मंडळींनी सरळ विचारलं, ‘पोतं केवढं लागंन रे?’

भाच्यानं आमचं प्रबोधन केलं. 1948 साली पॅरिसमध्ये पिएर शेफेर नावाच्या गृहस्थानं रेल्वे इंजिनांचे आवाज टिपले, कापून जोडले आणि ती रचना फ्रेंच रेडिओवर ऐकवली म्हणे. ‘आणि लोकांनी रेडिओ बंद नाही केला?’ मी विचारलं. त्यानं विषय बदलला. म्हणाला, ‘मामा, 2000 साली कापूस तंत्रज्ञान मिशन आलं. बऱ्याच जिनिंगांत डोक्यावरच्या टोपल्या जाऊन हवेचे पाइप आले. टोपल्यांबरोबर तिथला आवाजही गेला. उरलाय तो तरी ठेवू.’

जवळच्याच एका जिनिंगवर गेलो. वारा लागू नये म्हणून माइकला केसाळ टोपरं घातलेलं. चौकीदारानं ते मांजर समजून हटकलं, मग म्हणाला, ‘आवाज पाहिजे तेवढा न्या भाऊ, कापसाले हात नका लावू.’

जिनचं काम तसं सोपं. चामड्याचे दोन रूळ फिरतात, कापूस त्यांना चिकटून ओढला जातो. रुळाला टेकलेली सुरी सरकीला अडवते, हलती पट्टी तिला टोले देऊन खाली पाडते. पलीकडे रुई निघते, तिची प्रेसमध्ये 170 किलोची गाठ होते. पण अशा जिनांची रांगच्या रांग एकदम सुरू झाली, की लग्नातले सगळे ताशे एकाच खोलीत कोंडल्यासारखं वाटतं. भाच्याच्या यंत्रावर लाल दिवा लागला तो विझेचना.

तिथल्या म्हाताऱ्या फिटरला मात्र त्या गदारोळात सगळं वेगवेगळं कळत होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी. ‘चार नंबरची सुरी घासून राह्यली,’ म्हणाला. उघडून पाहिली, तर घासत होती. मी म्हटलं, ‘वा! काय कान आहे!’ तो म्हणाला, ‘आँ?’

तीस वर्षांची नोकरी. नियमात आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे, पण डेसिबलला हजेरीपटावर कोण मांडतो? एवढ्या कापसात बसून कानात बोळा नव्हता. आणि असता तरी कापसाचा बोळा आवाज फारसा अडवत नाही, खास इअरप्लग लागतात, असं भाचा म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत भाच्यानं हेडफोन त्याच्या कानांवर चढवला आणि आवाज वाढवला. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला. एकदम दचकला. ‘हे कोन बोलून राह्यलं?’

ढिगाशी कापूस निवडणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या गप्पा माइकनं टिपल्या होत्या. एक म्हणत होती, ‘बोल बिनधास्त, बुढ्याले काई आयकू येत नाई.’

म्हातारा इतका हसला की डोळे पुसायला लागले. ‘इतकी वर्सं बाजूले बसतात,’ म्हणाला, ‘आज समजलं काय बोलतात थे.’

निघताना भाच्यानं आपल्या खिशातली इअरप्लगची जोडी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि तेलाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या हेल्पर पोराला हाक मारली.

‘मले आता काय कराचे? या पोट्ट्याले द्या. त्याचं लगन व्हाचं हाये.’