टॉवरमधला वन बीएचके आणि अकरा महिन्यांचा करार

संपादकांनी ‘कलमं नकोत, सगळ्यांना कळेल असं लिहा’ असं बजावून हा लेख मागितला. पण भाडेकराराची भांडणं कलमांवाचून समजावता येत नाहीत. दोन-तीन तरी सहन करावी लागतील.

उन्हाळ्यात आलेलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये एक मुलगी वन बीएचके भाड्याने घेऊन राहत होती. भाडं महिना 75 हजार, डिपॉझिट 3 लाख. बंगळुरूला बदली झाली, रीतसर नोटीस देऊन तिने घर सोडलं. मालक परदेशात. किल्ली घ्यायला त्यांचा चुलतभाऊ आला आणि फ्रिज हलवून त्याखालच्या इटालियन मार्बलवरच्या पिवळट डागाचे फोटो काढू लागला. मग किचन ट्रॉलीचा सैल बिजागर, बाथरूमच्या काचेवरचे क्षारांचे डाग. एकूण कापले सव्वा लाख. घर ताब्यात घेताना तो डाग होता की नव्हता, हे दाखवणारा एक कागद नव्हता. करार होता तो फक्त नोटरी केलेला.

इथे माझा नेहमीचा वाद सुरू होतो. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांकडून, बँकेतल्या अधिकाऱ्यांकडून, इस्टेट एजंटांकडून तर रोज ऐकतो. ही समजूत आली 1908 च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला 31 मार्च 2000 पासून, आणि त्याचं कलम 55 सांगतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे सांगून मी थकलो आहे, तरी पुन्हा सांगतो.

खर्चाची सबब तर अजिबात पटत नाही. वरच्याच घराचा बारा महिन्यांचा करार धरा. भाडं 9 लाख, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी वर्षाचं मानीव व्याज 30 हजार. एकूण 9 लाख 30 हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे 2,325 रुपये. नोंदणी फी मुंबईत 1,000. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर अंगठा लागतो आणि काम होतं. सामान चढवण्यासाठी सर्व्हिस लिफ्टची वेळ आणि सोसायटीची एनओसी मिळवायला याहून जास्त धावपळ होते.

मग त्या मुलीला मी न्याय का मिळवून देऊ शकलो नाही? कलम 55 तिच्या बाजूचं होतं, पण दाद मागायला जवळचं दार नव्हतं. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर मालक कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे लेखी करार निर्णायक पुरावा ठरतो आणि दुप्पट भाड्याची भरपाईही मिळू शकते. ही सोय योग्यच आहे. तिच्याशिवाय मुंबईत कुणी घर भाड्याने देणार नाही. पण डिपॉझिट अडकलेल्याने दिवाणी दावा लावायचा, तारखा घ्यायच्या, बंगळुरूहून यायचं. तिने हिशेब केला आणि पैसे सोडून दिले. या कायद्यावर माझी उपजीविका आणि माझा विश्वास दोन्ही आहेत, म्हणून हे जास्त लागतं.

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे. पण भाडं हा राज्याचा विषय. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

तोवर एवढं करा: करार नोंदवा आणि त्याला घरातल्या वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. मार्बल, ट्रॉली, एसी, काचा यांचे तारखेसह फोटो पहिल्याच दिवशी मालकाला पाठवा. ‘नेहमीच्या वापरातली झीज वगळून’ हे शब्द करारात आहेत का ते बघा. आणि विधिमंडळातलं कुणी हा अंक वाचत असेल तर माझी विनंती आहे: डिपॉझिटसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याचं दार भाडेकरूला उघडून द्या.