कल्याण ते खेड : मुलाची बाईक, बापाची मनगटं

जोहरची जमात गावच्या मशिदीत मिळावी म्हणून फजर पढून कल्याणहून निघालो होतो. वेळेत पोहोचलोही. पण पहिल्या सजद्यात तळहात जमिनीवर टेकले आणि दोन्ही मनगटांतून अशी कळ गेली की उरलेल्या रकाती कशाबशा पुऱ्या केल्या. नंतरची सुन्नत खुर्चीवर बसून अदा केली. ही बातमी माझ्याआधी घरी पोहोचली होती. जेवण वाढताना अम्मीने विचारलं, "तुझ्या अब्बांनी सत्तरीत खुर्ची घेतली. तू आत्ताच?" थोड्या वेळाने म्हणाली, "एवढा त्रास होत असेल तर दर महिन्याला येऊ नकोस, बेटा. फोनवर बोलू."

फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

गाडी माझी नाही, मुलाची. 155 सीसीची स्पोर्ट बाईक. त्याने कर्ज काढून घेतली, हप्ते फेडले आणि मागच्या वर्षी नोकरीसाठी कुवेतला गेला. जाताना म्हणाला, "अब्बा, गाडी विकू नका. चालू ठेवा." खेड तालुक्यातलं आमचं गाव स्टेशनपासून बरंच आत आहे. दिव्याहून कोकणची गाडी मिळते, पण पुढची एसटी तिच्या वेळेशी जुळत नाही. शनिवार-रविवारात जाऊन यायचं तर बाईक सोयीची, असा मी हिशेब केला. सत्तेचाळीस वर्षांच्या पाठीला मात्र विचारलं नाही.

या गाड्यांची बैठक शर्यतीच्या गाड्यांवरून घेतलेली असते. हँडल आखूड आणि खाली, पाय मागे दुमडलेले, छाती टाकीवर झुकलेली. वेगात गेल्यावर समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हातांवरचा भार हलका होतो. पण आपल्याकडे वेग कुठला? पत्री पुलावरून कल्याण-शीळ रस्त्याला लागलो की मानपाडा, काटई नाका, शीळफाटा, सगळीकडे पहिल्या-दुसऱ्या गिअरची रांग. 2018 मध्ये पत्री पुलाचा जुना सांगाडा काढला, 2021 मध्ये नवा पूल खुला झाला, तिथली कोंडी थोडी कमी झाली, पुढची आहेच. वीसच्या वेगात वारा मदतीला येत नाही. छातीचं आणि डोक्यावरच्या हेल्मेटचं सगळं ओझं तळहातांवर येतं. म्हणजे दोनशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासात माझी मनगटं शीळफाट्याच्या आतच थकत होती.

परत आल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "सर, हे दोन तुकड्यांचं हँडल काढू आणि साध्या बाईकचं सरळ, उंच हँडल बसवू. पाठ ताठ राहील." मोह झाला. त्याने नमुन्याला एक हँडल धरून दाखवलं. पूर्ण वळवलं की ब्रेकची नळी ताणली जात होती आणि टोक पुढच्या काचेला घासत होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. वर्गात मुलांना नियम सांगायचे आणि रस्त्यावर स्वतः मोडायचे, हे मला जमलं नसतं. हँडल आहे तिथेच ठेवलं.

मग राहिलेल्या गोष्टी एकेक करून पाहिल्या. पहिली, सीट. तिला पुढे उतार होता. दर ब्रेकला मी टाकीकडे घसरायचो आणि ते थोपवायला हात ताठ धरायचो. कौशात एक चाचा सीटचं काम करतात. मी म्हटलं, मऊ करून द्या. ते हसले. "मऊ गादी दुकानात बरी वाटते, मास्तर. तासाभराने ती दबते आणि हाडं खालच्या प्लास्टिकवर टेकतात. घट्ट फोम घ्या." त्यांनी मागचा फोम थोडा कापला, पुढचा उतार भरून सपाट केला आणि वर न घसरणारं रेक्झिन चढवलं. उंची वाढू दिली नाही, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय पूर्वीसारखेच टेकतात.

दुसरी, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर. ते जरा वर होते; धरताना मनगट मागे मोडायचं. नट ढिले करून इतके खाली फिरवले की हात, मनगट आणि बोटं एका रेषेत आली. क्लचच्या केबलला तेल दिलं. या कामाला दहा मिनिटं लागली आणि पैसे काहीच नाहीत. शीळफाट्याच्या रांगेत फरक सर्वांत जास्त याचाच पडला.

तिसरी, पाठीवरची सॅक. अम्मीसाठी औषधं, कपडे, येताना कोकम, तांदळाचं पीठ, सुका जवळा. सॅकचं वजन खांद्यावर, खांद्याचं मनगटावर. आता ती मागच्या सीटवर दोन पट्ट्यांनी घट्ट बांधतो. पट्टीचं टोक चाकाजवळ लोंबत नाही ना, हे निघताना हात लावून पाहतो.

चौथी गोष्ट विकत मिळत नाही. टाकी गुडघ्यांनी धरायची, पोट-कंबर सावरायची आणि कोपरं सैल सोडायची. हँडल दिशा देण्यासाठी असतं, अंग टेकण्यासाठी नाही. कोपरं हलकी हलवून बघायची. हलली नाहीत तर आपण पुन्हा हातांवर रेललो आहोत असं समजायचं. टायरमधली हवा गाडीवरच्या पट्टीनुसार, टायर थंड असताना भरतो. हवा जास्त झाली तर प्रत्येक खड्डा कमरेला सांगून जातो.

मागच्या सीटबद्दल पत्नीने आधीच निकाल दिला होता. "ती सीट आहे की फळी? आणि माझा बुरखा चाकात गेला तर?" तिचं बरोबर होतं. मागे माणूस बसवायचा तर चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं गार्ड, धरायला कडी आणि पाय ठेवायची सोय हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. बुरखा, ओढणी, साडी, सगळ्यांसाठी. हौसेने ते गार्ड काढून टाकणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे लक्षात घ्यावं. आमच्या गाडीवर ते परत लावून घेतलं. पत्नी तरीही रेल्वेनेच येते.

एप्रिलमध्ये पुन्हा निघालो. या वेळी वेळापत्रकही बदललं होतं. आधी मी चहालाही न थांबता कोलाड गाठायचो आणि त्याचा अभिमान बाळगायचो. आता पेण, माणगाव आणि पोलादपूर, असे तीन थांबे ठरवले. प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, मनगटं फिरवायची, पाच मिनिटं चालायचं. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 पासून रुंद होतो आहे. तिथे घाई करून काही हाती लागत नाही, हे या रस्त्याने प्रत्येक चाकरमान्याला शिकवलं आहे. पोलादपूरनंतर कशेडीचा बोगदा मिळाला. घाटाच्या उतारावर अंग पुढे ढकललं जाऊन मनगटांना जो मार बसायचा, तो वाचला.

गावात पोहोचायला आधीपेक्षा चाळीस मिनिटं जास्त लागली. मशिदीत शेवटच्या सफेत जागा मिळाली. सजद्यात गेलो, तळहात टेकले. थोडा ताण होता, कळ नव्हती. शरीर अल्लाहची अमानत आहे, असं आपण मुलांना सांगत असतो. ती कुठल्या रस्त्यावर, किती घाईत खर्च करतो, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो.

रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. नवी सीट पाहून म्हणाला, "अब्बा, तुम्ही माझ्या गाडीची पार स्कूटर करून टाकलीत." मी म्हटलं, "तू परत आलास की जुना फोम बसवून घे. चाचांकडे जपून ठेवायला दिलाय." तो हसला, मग म्हणाला, "राहू दे. दादीकडे जायला हीच बरी."

सकाळी निघताना अम्मी ओट्यावर उभी होती. दुआ पढून माझ्यावर फुंकली, सॅकच्या पट्ट्या ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात शनिवारीच ये. कोकम वाळलेलं असेल."