चप्पल पायातून निसटते का?

पाटोदा, जि. बीड
श्रावण

प्रिय मैत्रिणी,


तुझं पत्र पोचलं. तुझ्याकडची ग्लासगोतली मुलं न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात जायची वेळ आली की मागे मागे राहतात, असं तू लिहिलंस. आणि इथे पाटोद्यात एमआरआय तर सोडच, साधा सीटी काढायचा तर माणूस बीडला पाठवावा लागतो, मग मी मुलांना मेंदूविकार शिकवते तरी कसे, असंही विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून आज दवाखाना लवकर आटोपून लिहायला बसले आहे.

शिकवते म्हणजे कुठली नेमणूक वगैरे नाही. तालुक्यातली बरीच मुलंमुली आता एमबीबीएसला आहेत. कुणी अंबाजोगाईला, कुणी घाटीत, कुणी लातूरला. सुट्टीला घरी आली की रविवारी माझ्याकडे येतात. जवळपास इंटर्नशिप करणारी असतात, तीही येतात. पेशंटला विचारून, त्याची हरकत नसेल तरच, आम्ही त्याच्याभोवती बसतो.

भीतीचं म्हणशील तर ती जगभर आहे. रोचेस्टरच्या राल्फ जोझेफोविच यांनी 1994 साली तिला ‘न्यूरोफोबिया’ असं नावच दिलं. मूळ शास्त्रात शिकलेलं पेशंटपाशी वापरता येत नाही, त्यातून ही भीती येते, हे त्यांचं निदान मला पूर्ण पटतं. आठव, आपण अंबाजोगाईला पहिल्या वर्षी मज्जारज्जूचे आडवे छेद रंगीत पेन्सिलींनी काढत होतो. कुठला मार्ग कुठे बाजू बदलतो ते तोंडपाठ होतं. पण लकवा झालेला माणूस प्रत्यक्ष समोर आला तो पुढे कितीतरी दिवसांनी, आणि तोवर त्या रंगांचा आणि त्या माणसाचा काही संबंध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आजही तेच चालू आहे. मुलगा पेशंटसमोर उभा राहतो, मनात आकृती आठवत राहतो आणि समोरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं. न्यूरॉलॉजी अवघड आहे म्हणून मुलं घाबरतात, हे मला मान्य नाही. ती उलट्या टोकाकडून शिकवली जाते म्हणून घाबरतात.

म्हणून पहिल्या दिवशी मी हातात हॅमर देत नाही. दवाखान्याच्या ओट्यावर बसवते आणि येणाऱ्या माणसांची चाल बघायला सांगते. बाजाराच्या दिवशी तर फारच चांगलं. एक जण हात छातीशी दुमडून, पाय बाहेरून अर्धगोल फिरवत येतो. दुसरा बारीक बारीक पावलं टाकतो, हात हलत नाहीत आणि वळताना सगळं अंग एकदम वळवतो. तिसरा जमिनीवर नजर लावून पाय आपटत चालतो. चौथी बाई गुडघा उंच उचलते, कारण पाऊल खाली लोंबतं. मुलांनी फक्त वर्णन करायचं, आजाराचं नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायची घाई झाली की डोळे बंद होतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मग पहिला प्रश्न, बिघाड कुठे आहे? काय आहे हे नंतर. इथल्या मुलांना हे समजावणं सोपं जातं. वीज गेली की आपला वायरमन आधी विचारतो, एकाच घरातली गेली, आळीची गेली की सगळ्या गावाची? घराची असेल तर फ्यूज बघायचा, आळीची असेल तर डीपी, गावाची असेल तर फिडर. हात, पाय आणि चेहरा एकाच बाजूचे गेले असतील तर मेंदूत बघ. दोन्ही पाय गेले, लघवी अडली आणि छातीखाली एका रेषेपासून स्पर्श कळत नसेल, तर मज्जारज्जूत बघ. दोन्ही पावलं आणि मग बोटं बधिर होत वर चढत असतील, तर नसांमध्ये. थकवा संध्याकाळी वाढतो, पापण्या दिवस चढेल तशा जड होतात, तर नस आणि स्नायू यांच्या जोडावर. एवढं हाताशी आलं की त्या रंगीत आकृत्यांची मुलांना आपोआप गरज वाटू लागते. मग ती स्वतः पुस्तक उघडतात.

आता चपलेचं सांगते, कारण माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजीत घातलेली सगळ्यात सुंदर भर म्हणजे असे प्रश्न. मी मुलांना सांगते, ‘पायात ताकद आहे का’ असं कधी विचारू नका. कुणीही ‘हाये की’ म्हणेल. विचारा, चालताना चप्पल पायातून निसटते का? हो म्हणाले तर लगेच पुढचा प्रश्न, निसटलेली कळते का, की कुणीतरी मागून सांगतं? कळत असेल तर पाऊल आणि बोटं उचलणारे स्नायू कमजोर आहेत. कळतच नसेल तर संवेदना गेली आहे, मग मधुमेह, बी-12ची कमतरता, कुष्ठरोग, सगळ्यांचा विचार करायला लागतो. उकिडवं बसलेलं असताना हात न टेकता उठता येतं का? एसटीची पायरी चढताना दांडा धरून अंग ओढावं लागतं का? भरलेला हंडा डोक्यावर घेता येतो का, वेणी घालताना हात खाली पडतो का? हे सगळे कंबरेजवळच्या आणि खांद्याजवळच्या स्नायूंचे प्रश्न. भाकरी थापता येते का, निऱ्या घालता येतात का, शर्टाचं बटण लागतं का, कोयता मुठीतून सुटतो का, हे हाताच्या पंजाचे. आणि तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो का? ही रोम्बर्गची खूणच आहे. पेशंट ती रोज सकाळी मोरीपाशी स्वतःवर करून बघत असतो, आपण फक्त विचारायचं.

भाकरीवर मुलं सुरुवातीला हसतात. पण नीट विचार कर, दोन्ही हात एका लयीत, एक फिरवतो आणि दुसरा थापतो, बोटांचा दाब सारखा. लहान मेंदूची इतकी चांगली परीक्षा पुस्तकात कुठे आहे? ‘चार महिन्यांपासून भाकरी वाकडी व्हायला लागली’ असं सांगणाऱ्या बाईने अर्धं निदान सांगितलेलं असतं.

हॅमर, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, कापूस, टाचणी आणि तळपायाला ओढायला किल्ली, हे त्यानंतर. पॅरिसच्या बाबिन्स्कीने पायाच्या अंगठ्याची खूण 1896 मध्ये फार थोड्या ओळींत मांडली, हे मी आवर्जून सांगते. नीट पाहिलेली एक गोष्ट सव्वाशे वर्षं टिकते, हे मुलांना कळायला हवं. आणि पॅरिसला न जाता सांगायचं तर आपले डॉ. नोशीर वाडिया आहेतच. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात काम करताना त्यांनी आणि स्वामी यांनी 1971 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांबद्दल लिहिलं. तोल जाण्याचा आनुवंशिक आजार, पण डोळ्यांची हालचाल विलक्षण संथ. ‘इकडे बघा, आता तिकडे बघा’ एवढं सांगून नजर पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचं, बस. त्या आजारातला एक मोठा गट एससीए-2 म्हणून ओळखला गेला, त्याचं जनुक 1996 मध्ये सापडलं. म्हणजे जनुकाच्या पंचवीस वर्षं आधी मुंबईत दोन डॉक्टरांनी तो आजार त्या कुटुंबांच्या डोळ्यांत पाहिला होता. हे सांगितल्यावर पुढच्या पेशंटच्या वेळी मुलं डोळ्यांची हालचाल तपासायला विसरत नाहीत.

आता तुझ्या ग्लासगोबद्दल. टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 साली तुझ्या गावात केलेली ती कोमा स्केल इथला प्रत्येक इंटर्न पाठ म्हणतो. डोळे, बोलणं, हालचाल, कमीत कमी 3, जास्तीत जास्त 15. पण तीच स्केल आमच्याकडे मण्यारीच्या दंशात डॉक्टरला फसवते, आणि हा धडा मी कुणालाही चुकवू देत नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक, दंश दुखत नाही, बहुतेकदा खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते, घरचे आम्लपित्त समजतात. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, हातपाय सैल पडतात आणि श्वास थांबतो. बाहुल्याही कधी मोठ्या होऊन उजेडाला हलत नाहीत. स्केलवर हा माणूस 3 भरतो. पण तो शुद्धीवर असतो! त्याला सगळं ऐकू येत असतं. विषाने नसेच्या टोकाकडून स्नायूकडे निरोप जाणं बंद केलेलं असतं, मेंदू शाबूत असतो. वेळेवर प्रतिविष आणि श्वासाला मशीनचा आधार मिळाला तर तो काही दिवसांत उठून घरी जातो. म्हणून मुलांना माझा नियम, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की मण्यार धरून चाला, आणि निपचित पडलेल्या माणसाशी नाव घेऊन बोला, काय चाललंय ते त्याला सांगा. त्याच्या उशाशी उभं राहून ‘संपलं’ म्हणू नका.

ग्रामीण डॉक्टरला जगाला काही शिकवता येतं का, अशी शंका कुणी काढली की मी जालना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महाडला राहिलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेते. विंचूदंशावरचं त्यांचं काम तर तुला माहीतच आहे, सर्पदंशावरही त्यांनी लिहिलं आहे.

कुष्ठरोगाचं थोडक्यात. 2005 अखेर देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं आणि तेव्हापासून कोपरामागची, मानेवरची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस चाचपून बघणं मुलं विसरली. रोग मात्र गेलेला नाही. सुन्न चट्टा आणि जाड झालेली नस बोटांना कळायला हवी. त्याला पैसा लागत नाही.

फिट्सचा विषय इथे ऊसतोडीपासून वेगळा काढताच येत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, पुढचे पाच-सहा महिने फडावर. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. गोळ्या एक-दोन महिन्यांच्या नेलेल्या असतात. त्या संपल्या की अचानक बंद. त्यात गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचं, म्हणजे झोपेचं खोबरं. गोळी तुटणं आणि झोप तुटणं, फिट यायला एवढं पुरतं. पुस्तकात ‘उपचारांत सातत्य नाही’ असं लिहून मोकळे होतात. मी मुलांना सांगते, पेशंट कधी निघणार, कुठल्या कारखान्यावर, किती दिवसांसाठी, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका. लग्नाच्या वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहिताना दहादा विचार करा, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. आणि घरच्यांना सांगा की 1999च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात फिट्स हे लग्नाला बाधक कारण राहिलेलं नाही. फिट आली की कांदा आणि चप्पल हुंगवण्यापेक्षा कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. ते चित्रण मला कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त सांगतं.

तू म्हणशील, तपासण्यांच्या विरोधात बोलते आहे. अजिबात नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून कुणी आलं की मी एक मिनिट घालवत नाही. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहून घ्यायची आणि गाडी बीडच्या रस्त्याला लावायची. गुठळी विरघळवण्याचं औषध द्यायला साडेचार तास असतात, आणि रक्तस्राव नाही हे सीटीशिवाय कुणीही सांगू शकत नाही. पण नेमका कुठला भाग बघायचा हे ठरवून पाठवलेला पेशंट आणि ‘सगळ्या मणक्याचा एमआरआय’ लिहून पाठवलेला पेशंट यांत फरक आहे. त्या दुसऱ्या पेशंटच्या घरातलं एखादं जनावर खर्चापायी विकलं जातं.

मोठ्या कॉलेजांत आता मुलं फिल्म आधी बघतात आणि पेशंट नंतर, तेही परीक्षेच्या केसपुरता. फिल्ममध्ये डाग दिसला की विचार थांबतो. हे मला मनापासून डाचतं, कारण हीच मुलं उद्या पाटोद्यात, शिरूरला, आष्टीला बसणार आहेत, आणि तिथे पहिला तास त्यांच्या डोळ्यांवर आणि प्रश्नांवरच निभावणार आहे.

म्हणून माझं एक ऐक. येत्या सुट्टीत ये. मला फक्त गप्पा नको आहेत, मुलांना पंधरा दिवस तुझ्याबरोबर बसायला मिळायला हवं. डोळ्यांची तपासणी आणि ऑफ्थॅल्मोस्कोप तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगला शिकवतेस. तू तिथल्या मुलांना काय सांगतेस ते यांना सांग, आणि जाताना आमचे चपलेचे, हंड्याचे, एसटीच्या पायरीचे प्रश्न घेऊन जा. तिथल्या माणसांच्या रोजच्या कामांतून त्यांचे प्रश्न तुझ्या मुलांनीच शोधावेत. तिकीट मात्र दसऱ्याच्या आधीचं काढ. त्यानंतर टोळ्या निघतात आणि ज्यांना तू तपासायला हवंस त्यातले निम्मे पेशंट गावात नसतात.

तुझी,
पाटोदेकर मैत्रीण