मनमाडला फुटणारे दोन रूळ

मनमाड जंक्शन. हातात चहा, पाठीवर सॅक आणि डोक्यात गिल्ट! इथून एक लाइन संभाजीनगर, जालना करत परभणीकडे जाते, दुसरी दौंडकडे. परभणी जिल्ह्यात, गंगाखेडला माझी मावशी राहते. जुलैत काका गेले. दहाव्याला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईला पळाले. डेडलाइन होती ना! त्यानंतर फोनवर रोज तेच. "कशी आहेस?" "बरी आहे." संपलं.

आणि आज मी दौंडच्या गाडीत बसतेय. असाइनमेंट आहे, हरेगावची मतमाऊली यात्रा.

कोपरगावनंतर गाडी गोदावरीवरून धडधडत गेली. हीच नदी पुढे पैठणवरून गंगाखेडला पोचते. जनाबाईंचं गाव ते. मराठवाड्यातली कितीतरी माणसं अस्थी घेऊन तिथल्या घाटावर येतात. काकांच्याही तिथंच सोडल्या. मी खिडकीतून तोंड आत घेतलं.

श्रीरामपूरजवळचं हरेगाव म्हणजे एकेकाळी साखर कारखान्याचं गाव. मारियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. १९४९ पासून इथं सप्टेंबरात यात्रा भरते. मराठीतून मिस्सा, मराठीतून गाणी. पायी आलेली पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, पाळणे, भेळ... आपल्या कुठल्याही जत्रेसारखंच. ख्रिस्ती नसलेलेही भरपूर.

बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. जे मागायचं त्याचा आकार वाहायचा. पण कोणाच्या दुःखासाठी मेणाचा कुठला आकार मागणार? मी साधी मेणबत्ती घेतली आणि रांगेत नुसतीच उभी राहिले.

"कोणासाठी गं?" शेजारच्या आजींनी विचारलं. जालन्याहून आल्या होत्या.

"काका वारले माझे."

"काकू आहे ना?"

"मावशी. आहे."

"मग तिच्यासाठी लाव. गेलेल्यांसाठी आमच्यात २ नोव्हेंबरचा खास दिवस असतो. पण मागं राहिलेलीला उद्या सकाळी उठून एकटीचा चहा टाकायचाय."

खरं सांगू? दोन महिन्यांत एकटीच्या चहाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी "सांत्वन" करत होते. वाक्यं शोधत होते. मेणबत्ती लावली. देवाला काय मागायचं ते नीट जमलं नाही, पण मावशीचं स्वयंपाकघर मात्र लख्ख दिसलं.

बाहेर येऊन फोन लावला. मागे स्पीकरवर गाणं चालू.

"काय करायलीस? कसला आवाज आहे?"

"हरेगावला आलेय, मावशी. तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. सकाळी चहा घेतेस का गं नीट?"

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "अजून दोन कपांचंच आधण ठेवते बघ. सवय जाईना." आणि बोलत सुटली. काकांबद्दल, पहिल्यांदाच. चाळीस मिनिटं!

लांबून केलेली प्रार्थना पोचते का, मला ठाऊक नाही. पण ती करताना आपण त्या माणसापर्यंत पोचतो, हे नक्की. परतताना मनमाडला पुन्हा तेच दोन रूळ. पुढच्या शुक्रवारचं परभणीचं तिकीट काढलंय. डेडलाइन? बघू.

कसं जाल? मुंबईहून रेल्वेनं मनमाड, तिथून दौंड मार्गावर बेलापूर स्टेशन. हे श्रीरामपूरचं स्टेशन, नवी मुंबईचं नव्हे! पुढे रस्त्यानं हरेगाव.