कालनिर्णयवरचा ताप

आमच्या रत्नागिरीकडे ‘टाटा मेमोरियल’ असं कुणी म्हणत नाही. ‘टाटाला नेलं’ एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. परळच्या त्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर होते. निवृत्त होऊन माहेरच्या घरी राहायला आले तेव्हा वाटलं, आता कलमांना पाणी घालायचं आणि झोपायचं. पण बातमी पसरायला इथे एक रिक्षा स्टँड पुरतो. २०२१च्या मे महिन्यात पावसकडच्या एका गावातली आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन ओट्यावर हजर झाली. “ताई, पिक लाइनचं ड्रेसिंग कराल काय?”

मुलीला रक्ताचा कॅन्सर. नवरा आंब्याच्या बागेत राखणदार. पहिले काही महिने मायलेकी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून आल्या होत्या. आता अधूनमधून कोकण रेल्वेने जायचं, केमो घ्यायची, परत यायचं. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला पंच्याहत्तर टक्के सवलत. तो सवलतीचा कागद आई फाइलच्या पहिल्याच पानाला टाचून ठेवायची.

पिक लाइन म्हणजे दंडातल्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेली बारीक नळी. काही औषधं अशी जहाल की हाताच्या शिरेतून देताना थेंबभर बाहेर गेलं तरी कातडी आणि खालचं मांस जळतं. म्हणून ही नळी. ड्रेसिंग आठवड्याने बदलायचं, नळी सलाइनने धुवायची. परळच्या एसीत हे पंधरा मिनिटांचं काम. रत्नागिरीत जून लागला की चिकटपट्टी टिकत नाही. घामाने कडा सुटतात, खाली ओल धरते, आणि ओल म्हणजे जंतूंना आवतण. म्हणून इथे आठवडा मोजायचा नाही, कड सुटली की बदलायचं. जुनी पट्टी सोडवायची ती तिनेच, असा आमचा करार होता. नळी मी धरून ठेवायची आणि ती एकेक कोपरा सोडवायची. कधी वीस मिनिटं लागायची. लागू देत. तिच्या अंगाशी आम्ही सगळ्यांनी इतकं काय काय केलं होतं की एवढा एक कोपरा तरी तिच्या मर्जीचा असायला हवा होता.

एक चूक माझीही सांगते. तिला व्हिन्क्रिस्टीन चालू होतं. आईला धीर यावा म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “अगो, हे औषध तुमच्या तुळशीजवळच्या सदाफुलीतूनच निघालंय.” खरंच आहे ते. पण शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघतं, हे सांगायचं राहिलं. चार दिवसांनी फोन: आजीने सदाफुलीची पानं उकळून काढा केलान, देऊ का? मी होते तिथे मटकन बसले. तो काढा केळीच्या बुडात ओतायला लावला. केळीचं पुढे काय झालं ते विचारलं नाही. तेव्हापासून औषधाचं कौतुक करायच्या आधी मी दहादा विचार करते.

खरी शिकवणी तापाची. केमोने पांढऱ्या पेशी खाली जातात, हे परळहून येणाऱ्या प्रत्येक आईला पाठ असतं. पण त्याचा अर्थ मी तिला माझ्या पद्धतीने सांगितला. पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. त्या नसल्या की जखम लाल होत नाही, सुजत नाही, गळू पिकत नाही. आत जंतू माजलेले आणि वरून मूल नितळ. अशा वेळी शरीराची एकच खूण उरते, ताप. म्हणून शंभर पॉइंट चार दिसला की तो साधा ताप नव्हे, आणि मोजायच्या आधी क्रोसिन द्यायची नाही. ती एक खूणही पुसली जाते. तोंड आलं की उकड्या तांदळाची पेज कोमट करून द्यायची, सोलकढी मुळीच नको, भाजलेल्या जिभेवर कोकम झोंबतं. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळचा ताप लिहायला घेतला. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेखाली ९८.२, ९८.६.

२२ जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, रेल्वे बंद, महामार्ग बंद. मुंबई तशी साडेतीनशे किलोमीटरच्या आतली, पण त्या दिवशी विलायतेएवढी लांब होती. रात्री नऊला फोन आला, “ताई, एकशे एक.” मी विचारलं, क्रोसिन दिलीस? “नाय.” फाइल घेऊन निघ म्हटलं.

आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. ड्युटीवर एकच तरुण डॉक्टर, डोळे तारवटलेले. तो म्हणाला, “ब्लडचा रिपोर्ट येऊ दे, तोवर पॅरासिटामॉल देऊ, सकाळी बघू.” त्याचंही फार चुकलं असं म्हणवत नाही, एरवीच्या मुलाला हेच करतात. पण या मुलांना दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. मी आवाज चढवणार, तेवढ्यात आई पुढे झाली. तिने फाइलचं लाल पेनाने खुणा केलेलं पान उघडलं, बोटाने ओळ दाखवली आणि परळच्या ड्युटी डॉक्टरांचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिला त्या ओळीतलं इंग्रजी वाचता येत नव्हतं; ती ओळ पानावर कुठे आहे ते ठाऊक होतं.

तो दोन मिनिटं ऐकत राहिला. मग स्वतः कल्चरचं रक्त काढलं आणि औषध मागवलं. पहिला डोस गेला तेव्हा घड्याळात सव्वाअकरा. तासाभरात नव्हेच. नंतर रिपोर्ट आला: लढणाऱ्या पेशी १८०, पाचशेच्या खाली गेल्या तरी आम्ही धास्तावतो. मुलगी मात्र शांतपणे विचारत होती, “चिपळूणच्या कुत्र्यांचं काय झालं असेल?” ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

सगळ्यांचा उतरत नाही. त्या आधीच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा येत असे. त्याच्या नळीच्या सलाइनच्या सहा कुप्या माझ्या कपाटात उरल्या होत्या. मुदत संपेपर्यंत मी त्या फेकल्या नाहीत.

रेल्वे सुरू झाल्यावर मायलेकी परळला गेल्या, ठरल्यापेक्षा उशिरा. पुढचे महिने पास-नापासासारखे गेले: कधी पेशी पुरेशा, कधी परत पाठवलेलं. जोराच्या केमोचा टप्पा संपून गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पिक लाइन काढली. केस यायला लागले होते. माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर घासत ती म्हणाली, “मावशी, फणस!”

दंडावरचं भोक बुजल्यावर बापाने तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. इतके दिवस आंघोळीलाही हात प्लास्टिकच्या पिशवीत. त्या दिवशी ती खांद्यापर्यंत समुद्रात. ओली, वाळूने माखलेली ती तशीच माझ्या ओट्यावर आली आणि नुसता दंड दाखवत बसली. आई हसत होती. रात्री तिचा फोन आला. “काय नाय ताई, उगीच. थर्मामीटर लावलं मी. ९८.४. लिवून ठेवलाय.”