बोटभर बर्फ

थर्ड इयरला डिझाईनच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी आयएस ८७५ चे पाच भाग फळ्यावर लिहिले. पहिला डेड लोड, दुसरा लाइव्ह लोड, तिसरा वारा, चौथा बर्फ आणि पाचव्यात उरलेलं सगळं. चौथ्यापाशी आल्यावर सर म्हणाले, "हा आपल्याला लागत नाही. परीक्षेलाही नाही." वर्ग खूश! मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, म्हसळ्याला पडतो की बर्फ... लस्सीत!" (म्हसळा म्हणजे मी. वर्गात माझी तेवढीच ओळख आहे.) सगळे हसले, मीपण हसले. पण त्यानंतरचं लेक्चर काही डोक्यात शिरलं नाही. कारण आमच्या घरातल्या एका माणसाने हा भाग चार अंगावर घेतलेला आहे. माझ्या आजीने!

ज्यांना म्हसळा माहीत नाही (हॉस्टेलवर असे पुष्कळ आहेत) त्यांच्यासाठी... माणगावहून श्रीवर्धनला जाताना वाटेत लागतं ते आमचं गाव. डोंगर, खाडी आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता पाऊस, वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर. थंडी म्हणजे पहाटे पांघरूण जरा वर ओढायचं, संपली! बर्फाशी माझी ओळख झाली ती सिस्टरांच्या शाळेत. डिसेंबरात गव्हाणीवर आणि ख्रिसमस ट्रीवर आम्ही मेडिकलमधून आणलेला कापूस चिकटवायचो, डोक्यावर पंखा चालू असायचा आणि घामाघूम होऊन बर्फाची गाणी म्हणायचो. सांताक्लॉजच्या दाढीतून तर घाम टपकायचा.

डिसेंबर २०१४ मध्ये आजी अमेरिकेला गेली, आत्याच्या बाळंतपणाला. आत्या आणि आतोबा बॉस्टनच्या दक्षिणेला, क्विन्सी नावाच्या समुद्राकाठच्या गावात, भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचे. आजीच्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग आणि दोन गोधड्या होत्या. स्वेटर एकच, तोही माझ्या आईचा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बाळ झालं. आणि २६ जानेवारीला, म्हणजे मी इकडे शाळेत झेंडावंदनाला उभी होते त्याच दिवशी, तिकडे बर्फ सुरू झाला.

तो हिवाळा बॉस्टनच्या नोंदींमधला सगळ्यात बर्फाळ हिवाळा ठरला. एरवी तिकडे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस इंच बर्फ पडतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात पडला ११०.६ इंच. त्यातला ६४.८ इंच एकट्या फेब्रुवारीत! पहिल्याच वादळात रात्री बारापासून खाजगी गाड्यांना रस्त्यावर बंदी झाली. पुढे तर दर आठवड्याला एक वादळ. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. रविवारी स्काइपवर आजी दिसायची, डोक्याला मफलर बांधलेली. मी विचारायचे, "आजी, बर्फ किती गं?" ती म्हणायची, "खूप गो बाय, नुसता कापूस." बस्स, एवढंच. मग मी स्नोमॅन कर म्हणून हट्ट धरायचे आणि ती कॅमेऱ्यासमोर बाळाचे पाय आणायची.

आता मी सिव्हिलची विद्यार्थिनी झाल्यावर एक हिशोब करून पाहिला. ताज्या भुसभुशीत बर्फाचं पाणी केलं तर ढोबळ मानाने दहा इंचांचं एक इंच होतं. म्हणजे त्या अख्ख्या हिवाळ्याचं पाणी झालं साधारण २८० मिलिमीटर. जुलैत जोर धरला की आमच्याकडे एवढा पाऊस दोन-तीन दिवसांत होतो आणि दुकानं पण बंद होत नाहीत! २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला होता, म्हणजे बॉस्टनचे असले तीन हिवाळे एका दिवसात. मग एवढंसं पाणी एका श्रीमंत शहराला महिनाभर कसं काय अडवून ठेवतं?

कारण ते वाहून जात नाही. आपला पाऊस कितीही पडो, उतार मिळाला की निघाला खाडीकडे. बर्फ पडतो तिथेच बसतो. तो उचलायचा आणि मग प्रश्न असा की टाकायचा कुठे? रस्त्यावरचा कडेला, कडेचा शेजारच्या मोकळ्या जागेत, आणि मग मोकळी जागाच संपते. बॉस्टन शहराने सीपोर्ट भागात एका मैदानावर नेऊन ओतला तर पंचाहत्तर फुटी डोंगर झाला. छपरांचं तर विचारू नका. दोन फूट बसलेला बर्फ, घनता २०० धरा, म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. आपण पत्र्याच्या छपराला पाऊण किलोन्यूटन, म्हणजे ७५ किलो धरतो आणि उतार वाढला की त्याहूनही कमी. सर म्हणाले ते खरंच आहे, आपल्याला नाही लागत. पण लागला असता तर आमचं घर पहिल्या रात्रीच खाली बसलं असतं.

आजीच्या बर्फाच्या गमती मात्र परत आल्यावर गावभर झाल्या. बॉस्टनमध्ये लोक आपली गाडी फावड्याने खणून काढतात आणि जाताना त्या जागेत घरातली खुर्ची ठेवून जातात, दुसऱ्याने गाडी लावू नये म्हणून. आत्याला हे समजावून सांगायला लागणार असं वाटलं होतं, पण आजी लगेच म्हणाली, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसंच की!" बाळ-बाळंतिणीला ओवा-वावडिंगाची धुरी दिली तर छताला लावलेला अलार्म असा किंचाळला की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई धावत वर आल्या. मग आजीने त्यांना डिंकाचा लाडू दिला. आजीला इंग्रजी येत नाही, त्या बाईंना मराठी. ओळख झाली ती अशी.

आणि पागोळ्या! आपल्याकडे कौलांच्या पागोळ्या गळतात, तिकडे त्या गोठून हातभर लांब लटकत होत्या. आजीला फार सुंदर वाटल्या. चार दिवसांनी खोलीच्या भिंतीवरून पाणी उतरायला लागलं तेव्हा कळलं, हे सुंदर प्रकरण नाही. घराच्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी घरंगळत वळचणीपर्यंत येतं, तिथे गारठा असल्याने पुन्हा गोठतं. असा बांध तयार झाला की मागून येणारं पाणी तुंबून छपराच्या खाली शिरतं. आजीने भिंतीखाली पातेलं लावलं. "म्हसळ्यात आयुष्यभर गळतीखाली पातेली लावली, अमेरिकेत जाऊन पण तेच," असं ती सांगते. एकदा सूर्य होता म्हणून आतोबा तिला समुद्र दाखवायला घेऊन गेले तर पाण्यावर बर्फाचे तुकडे. आजीने विचारलं, "मग मासळी कुठं जाते?" आतोबांना सांगता आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी आजी परत आली. सगळ्यांना चॉकलेटं आणि मला वेगळी एक काचेची बाटली, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली. मी बर्फ आण म्हणून सांगितलं होतं ना! तिने फेब्रुवारीत खिडकीबाहेर हात काढून बाटली गळ्यापर्यंत भरली होती. हलक्या हाताने, कारण चेपला तर मोडेल असं तिला वाटलं. घट्ट बूच लावून ती बाटली तीन महिने सांभाळली होती. तळाला जेमतेम बोटभर पाणी होतं.

"हे तर पाणीच आहे. आणि एवढंसंच?" असं म्हणून मी ते तुळशीत ओतलं.

आजी काही बोलली नाही. नंतर १४ जुलैला तो सीपोर्टचा डोंगर एकदाचा वितळला तेव्हा आत्याचा फोन आला होता. इकडे धो धो पाऊस, आणि आजी पडवीत ओरडून सगळ्यांना सांगत होती, "आत्ता वितळला, आषाढात!"

यापुढचं मला पाच वर्षांनी कळलं.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. माझी दहावी झालेली, लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, आणि अडीच महिन्यांत भूगोलच घरावर आला! वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. माजघरात आम्ही पाचजण बसलो होतो आणि वरून कौलं पत्त्यांसारखी सरकल्याचा आवाज येत होता. मग पडवीचे पत्रे गेले. बर्फ छपराला खाली दाबतो, वारा वर उचलतो, हे आता भाग तीनमध्ये शिकले. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की पडवी होती तिथे आभाळ आहे.

त्या पत्र्यांपैकी चारांना हुक कमी पडले होते. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी ते तारेने बांधले होते, दिवाळीत बघू म्हणून. ते शेजाऱ्यांच्या गोठ्यावर जाऊन पडले. गुरं बाहेर होती म्हणून निभावलं. शेजारी एका शब्दाने बोलले नाहीत, उलट आमची कौलं लावायला आले. पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड. वीज नव्हती, फोन नव्हते, आत्या तिकडे चार दिवस वेड्यासारखी फोन लावत होती. तिसऱ्या रात्री, ताडपत्रीखाली, मेणबत्तीच्या उजेडात आजी बाबांना म्हणाली, "तुला एक सांगते. अजून कुणाला नाही सांगितलेलं."

९ फेब्रुवारी २०१५. बॉस्टनला तिसरं मोठं वादळ चालू होतं. संध्याकाळी सातला लोकल गाड्या बंद केल्या, दुसऱ्या दिवशीही बंद राहणार होत्या. आतोबा कामावर केंब्रिजला अडकले, मित्राकडे राहिले. घरात आजी, आत्या आणि तीन आठवड्यांचं बाळ. रात्री घर गरम करणारा बॉयलर बंद पडला. आत्या फोन करत राहिली, पण अशा रात्री येणार कोण? आजीने बाळाला आत्याच्या पोटाशी दिलं, दोन्ही गोधड्या वर घातल्या आणि जिना उतरून खालच्या बाईंचं दार वाजवलं. खाणाखुणा झाल्या. बाईंनी टॉर्च घेतला, आजीला जावयाचे बूट घालायला लावले आणि घराच्या बाजूला नेलं. भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर बॉयलरच्या धुराचा पाइप बाहेर येतो. तो दिसतच नव्हता. त्याच्यावर पुरुषभर ढीग! सकाळी आतोबांनी वाट मोकळी केली तेव्हा बर्फ तिथेच टाकला होता. दुसरी जागाच उरली नव्हती.

एक फावडं आणि एक लोखंडी कढई. दोन म्हाताऱ्यांनी तासभर खणलं. पाइप मोकळा झाला, बाईंनी तळघरात जाऊन बटण दाबलं, बॉयलर सुरू झाला. आजीच्या बोटांची साल गेली होती ती स्काइपवर दिसू नये म्हणून पुढचे दोन रविवार ती बाळाचे पाय पुढे करत होती. आणि जावयाला सांगितलं, "बंद पडलं होतं, आपोआप चालू झालं." पहिलटकराचा बाप, आयुष्यभर मनाला लावून घेईल म्हणून.

बाबा ऐकत होते. मग उठून ताट वाढून घेतलं.

मी मात्र त्या रात्री बाटलीचा हिशोब करत बसले. ती बाटली त्याच आठवड्यात भरलेली होती. त्या हातांनी!

(आतोबांना हे आता माहीत आहे, आणि त्यांच्या परवानगीनेच लिहितेय. "नाव घालू नको," एवढंच म्हणाले.)

सेकंड इयरच्या सुट्टीत मी त्या बॉयलरबद्दल वाचलं. धुराचा पाइप बुजला तर धूर घरात उलटा येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणसं झोपेतच जातात. नव्या बॉयलरमध्ये एक छोटा स्विच असतो, पाइप तुंबला की तो बॉयलरच बंद करतो. म्हणजे त्या रात्री जे बिघडलं असं आजी समजते, ते खरं तर बरोबर चाललं होतं. थंडी पडली म्हणून ती उठली. घर उबदार राहिलं असतं तर तिघंही त्या गोधड्यांत...

हे मी आजीला सांगितलेलं नाही. तिच्या गोष्टीत ती बर्फाशी लढली आणि जिंकली, आणि ते खरंच आहे. पण हा अंक घरी गेला की ती चष्मा पुसत म्हणणार, "वाच गो बाय, मोठ्याने वाच." तेव्हा वरचा एक परिच्छेद तेवढा गाळायचा आहे.